गावच्या दप्तरात परतणारा सैनिक

पंधरा वर्षांची सेवा पूर्ण झाली की भारतीय लष्करातील शिपाई निवृत्तिवेतनास पात्र ठरतो आणि खालच्या हुद्द्यांवरील सेवा त्यापुढे फारशी लांबत नसल्यामुळे तो बहुधा पस्तिशी-चाळिशीतच गावी परततो. मुलांची शाळा, दुसरी नोकरी, घराची बांधणी असे सारे प्रश्न या वयात एकदमच उभे राहतात. निवडलेल्या ठिकाणापर्यंत कुटुंबाचा प्रवास, सामानाची वाहतूक आणि बदली अनुदान हा भार केंद्र सरकार उचलते. स्थानिक प्रशासनाचा संबंध येतो तो ट्रंका घरात उतरल्यानंतर.

महाराष्ट्रातील अहमदनगरचे उदाहरण घेऊ. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे लष्करी शहर आहे. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि यांत्रिक पायदळाचे केंद्र येथेच असून देशभरातील रणगाडा दलाच्या जवानांच्या सेवानोंदी याच शहरात जपल्या जातात. गंमत अशी की, याच जिल्ह्यातील पारनेर किंवा श्रीगोंद्याचा जवान मराठा लाइट इन्फंट्रीत असेल तर त्याचे कागद बेळगावला असतात, महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातील सागरला. हे अंतर भरून काढण्याचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे येते. केंद्रीय सैनिक बोर्ड दिल्लीत, राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यात आणि जिल्हा मंडळाच्या अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी, अशी ही उतरंड असून जिल्हा कार्यालयाचा प्रमुख सामान्यतः माजी सैन्याधिकारी असतो. डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतन आदेश पाहून हे कार्यालय नाव नोंदवते व ओळखपत्र देते. शासकीय नोकरीतील आरक्षण असो वा मुलांची शिष्यवृत्ती, बहुतेक सवलतींची वाट या नोंदणीवरूनच जाते.

खरी अडचण मात्र गावच्या दप्तरात असते. गाव त्याला हुद्दा न विचारता ‘मेजर’ म्हणून मोकळे होते, पण शिधापत्रिकेत त्याचे नाव नसते आणि मतदार यादीत तो ‘सेवा मतदार’ म्हणून वेगळ्या भागात असतो, त्यामुळे सर्वसाधारण यादीत येण्यासाठी त्याला नमुना ६ भरावा लागतो. सातबाऱ्याचे प्रकरण याहून किचकट असते. नोकरीच्या काळात वडील वारले असतील तर वारसनोंद एक तर झालेलीच नसते, किंवा झाली असल्यास तिच्यात काही तरी सुटलेले असते. अशा वेळी तलाठ्याकडे, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा लागतो, फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद घातली जाते, हितसंबंधितांना हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच ती नोंद उताऱ्यावर चढते. भावाने हरकत घेतली की प्रकरण तहसीलदारांपुढे जाते. २०२२ मध्ये राज्यात ‘अमृत जवान’ अभियान राबवून सैनिक कुटुंबांची अशी प्रलंबित कामे हाती घेण्यात आली. अशा कामासाठी स्वतंत्र मोहीम काढावी लागली, यावरून त्याची एरवीची गती कळते.

घरपट्टीची सवलत त्या मानाने सरळ आहे. २०२० मध्ये ‘बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजने’खाली राज्यातील माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना एका मालमत्तेपुरती ही माफी मिळाली, आणि तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ हेच या जिल्ह्याचे पालकमंत्री होते. तरीही घरपट्टी हे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन आहे आणि ज्या गावात माजी सैनिक अधिक तेथे या सन्मानाचा भार गावच्याच तिजोरीवर पडतो, हे नजरेआड करता येत नाही.

परतणाऱ्या सैनिकाचा प्रश्न सगळीकडे सारखा नसतो; इंग्लंडमध्ये तो निवाऱ्याचा आहे. तेथील २०१२ च्या नियमांनुसार सार्वजनिक घरासाठी अर्ज करणाऱ्या माजी सैनिकाला स्थानिक रहिवासाची अट नगर परिषदेला घालता येत नाही. अहिल्यानगरच्या जवानाला घर बहुधा असते. त्याला हवी असते कसण्याजोगी जमीन. सरकारी जमीन वाटपाच्या १९७१ च्या नियमांत सैनिक व माजी सैनिकांना स्थान आहे, तसेच २०१८ पासून वीरमरण आलेल्या जवानाच्या पत्नीला किंवा वारसाला दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन विनामूल्य देण्याची तरतूद आहे. अशी जमीन ‘भोगवटादार वर्ग दोन’ प्रकारात मोडते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. परंतु गावोगावच्या सरकारी जमिनीचा मोठा हिस्सा गायरान आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर शासनाने गायरान वाटपावर कडक निर्बंध घातल्यामुळे, अर्ज मंजुरीस पात्र असला तरी दाखवायला गट नंबरच नसतो, अशी वेळ महसूल कार्यालयावर येते.