फिर्यादीची नक्कल घरात हवी

‘चारसोबीस’ म्हणजे फसवणूक आणि ‘तीनशे दोन’ म्हणजे खून, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हे आकडे आता जुने झाले. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. खुनाचे कलम आता १०३, फसवणुकीचे ३१८. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनी दंड संहिताच लागते.

आकड्यांपेक्षा महत्त्वाचे आहेत ते आपले हक्क. जुन्नर-आंबेगावच्या कित्येक मुली मुंबई, ठाण्यात नांदतात. सासरी छळ झाला आणि लेक माहेरी आली, तर ‘गुन्हा तिकडचा, तिकडेच जा’ असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. जुन्नर, नारायणगाव, मंचर किंवा घोडेगाव, कोणत्याही ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर देता येते. हद्द दुसरी असेल तर कागद तिकडे पाठवणे हे पोलिसांचे काम. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. खबर ऑनलाइनही देता येते, पण तीन दिवसांत सही करावी लागते.

फिर्याद सही करण्यापूर्वी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. तिची नक्कल फिर्यादीला विनामूल्य मिळते. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांच्या आत कळवणेही बंधनकारक आहे. ठाण्यात नोंद घेतली नाही, तर लेखी तक्रार टपालाने पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तरीही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

साक्षीदार म्हणून जबाब द्यायचा असेल, तर स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष आणि गंभीर आजारी व्यक्तींना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही. झडती व जप्तीचे चित्रीकरण आता सक्तीचे आहे.

पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा अशा कारणावरून ठार मारले, तर त्यासाठी कलम १०३ मध्ये स्वतंत्र तरतूद असून शिक्षा फाशी किंवा जन्मठेप आहे. आपल्या समाजाची ही जुनी मागणी होती. दुसरी बाजूही पाहायला हवी. पोलीस कोठडीचे १५ दिवस आता एकदम न घेता पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतात. त्यामुळे जामिनाची वाट लांबू शकते, अशी वकिलांची चिंता आहे. म्हणून अटक होताच वकील गाठणे पूर्वीपेक्षा गरजेचे झाले आहे.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात चौकशी करा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

‘आपसात मिटवू, कोर्टाची पायरी नको’ ही आपली जुनी सवय. भाऊबंदकीचा बांध आपसात मिटावाच. पण मार खाणाऱ्या लेकीला सबर करायला सांगणे म्हणजे इन्साफ नव्हे. कुरआनने उधारीचा व्यवहारसुद्धा साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगितले आहे. मग जुलमाची नोंद तोंडी का ठेवायची? घरातल्या रेशनकार्डाशेजारी फिर्यादीची नक्कलही जपून ठेवा.