मनीची हद्द

ताडोबातला वाघ झाडावर मूत्राचा फवारा मारून हद्द आखतो. चंद्रपूरच्या घरातली मनी तेच काम दाराच्या चौकटीला गाल घासून करते. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. त्यांचा वास लागला की घर तिची हद्द. म्हणून नवं पिल्लू थेट तिच्यापुढे ठेवणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. आधी ते वेगळ्या खोलीत ठेवा. त्याच्या अंगावरून फिरवलेलं फडकं मनीच्या ताटलीजवळ, तिचं पिल्लाकडे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांचं खाणं. भेट त्यानंतर, तीही थोडा वेळ. मनी फिस्कारली तर रागावू नका. ती फक्त 'लांब राहा' म्हणतेय. मे २०२३मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या, त्यांना निदान मोकळं रान होतं. मनीला दोनच खोल्या! वाळूची घमेली मात्र तीन ठेवा, मांजरांपेक्षा एक जास्त.