काडीला पालवी फुटली, पण मुळं?

ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी करताना खाली पडलेल्या फांद्या कचऱ्यात टाकायला जीव धजत नाही. त्यातली पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळे असलेली एखादी काडी आपण निवडतो आणि कुंडीत खोचतो. दहा-बारा दिवसांत डोळ्यातून तांबूस कोंब डोकावतो, पानं उलगडतात. घरात सगळ्यांना बोलावून दाखवण्याइतका आनंद होतो. मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती पानं मलूल होतात, काडी वरून वाळते, उपटून पाहावं तर खालचं टोक काळं पडलेलं असतं आणि मुळाचा मागमूसही नसतो. अशा कित्येक काड्या मी गमावल्या आहेत. पाणी जास्त झालं असेल, ऊन कमी पडलं असेल, आपल्या हाताला गुण नाही, असं वाटत राहायचं. खरी चूक समजुतीत होती.

“पालवी फुटली, म्हणजे काडी लागली”

छाटकलम करणाऱ्यांना सर्वांत जास्त फसवणारा गैरसमज हाच. पानाच्या बेचक्यातला डोळा आधीपासून तयार असतो. त्यात पुढच्या फांदीची पानं इवल्या घड्या घालून बसलेली असतात. ती उघडायला काडीतलं साठवलेलं पिष्ट, थोडी ऊब आणि ओल पुरते. मुळांचं तसं नसतं. गुलाबासारख्या बहुतेक झाडांच्या फांदीत तयार मूळ नसतंच. कापलेल्या टोकाजवळच्या पेशींना आपलं आधीचं काम सोडून मूळ घडवण्याचं काम हाती घ्यावं लागतं, आणि त्याला काही आठवडे लागतात.

म्हणून गुलाबात बहुधा पानं आधी येतात आणि मुळं मागून. मधल्या काळात ती कोवळी पानं हवेत पाणी सोडत राहतात आणि खालून भर घालणारं कोणी नसतं. काडी आपल्या शिल्लकीवर जगत असते. शिल्लक संपण्याआधी मुळं आली तर ती तगते, नाहीतर वाळते. छाटकलमाचं सगळं कसब या एका शर्यतीत काडीच्या बाजूने उभं राहण्यात आहे.

उसाचं बेणं ज्यांनी लावलं आहे त्यांना हे विचित्र वाटेल, कारण टिपरी मातीत गेली की हां हां म्हणता मुळं सोडते. पण उसाच्या प्रत्येक पेराशी डोळ्याबरोबर मुळांच्या अंकुरांचं कडंही तयार असतं. नीट पाहिलं तर बारीक ठिपक्यांची रांग दिसते. ही सोय गुलाबाला नाही.

मग काडी लागली हे ओळखायचं कसं? उपटून तर मुळीच पाहायचं नाही. नुकत्या आलेल्या मुळांची टोकं आणि त्यांवरची केसांसारखी लव एवढ्यानेही तुटते. मी आता काड्या पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात लावते. तळाला भोकं पाडायची, पेल्याभोवती जाड कागद गुंडाळायचा आणि आठवड्यातून एकदा कागद सरकवून पाहायचं. मातीच्या कडेला पांढरी रेघ दिसली की काम झालं. पेला नसेल तर महिनाभर थांबून काडीला अगदी अलगद वर ओढून पाहावं. ती मातीला धरून राहिली तर मुळं आहेत. पानांची पहिली खेप पुरावा धरू नये. दुसरी खेप येऊन ती टवटवीत वाढत राहिली तर विश्वास ठेवावा.

“सगळी पानं खुडून टाकावीत”

पानं पाणी सोडतात असं वर सांगितल्यावर कुणालाही वाटेल की मग पानंच नकोत. पानगळ होऊन हिवाळ्यात उघड्या झालेल्या डाळिंबाच्या किंवा अंजिराच्या पक्व काडीला ते लागू पडतं. त्यांचा साठा खोडात असतो. जास्वंद, तगर, अनंत, क्रोटन अशा सदा हिरव्या झाडांना मात्र ते मारक ठरतं.

याबद्दलचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो, कारण तो आपल्या दारातल्या झाडावरच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1946 मध्ये जास्वंदीच्या छाटांवरचं काम प्रसिद्ध केलं. लाल जास्वंदीच्या छाटाला मुळं फोडणारं संजीवक दिलं आणि पानं ठेवली, तर मुळं चांगली आली. पानं काढून तेच संजीवक दिलं, तर त्याचा जवळजवळ उपयोग झाला नाही. मग त्यांनी पानांऐवजी साखर आणि नत्रयुक्त द्रव्यं दिली, तेव्हा पानांची उणीव बरीचशी भरून निघाली. म्हणजे मुळं घडवायला नुसता हुकूम पुरत नाही, शिधाही लागतो, आणि तो पानांकडून येतो.

म्हणून खालची पानं काढावीत, शेंड्याकडची दोन-तीन ठेवावीत, आणि ती फार मोठी असतील तर कात्रीने निम्मी करावीत. कळ्या-फुलं मात्र सगळी खुडावीत. त्यांचा खर्च या काळात परवडणारा नाही. वरून प्लास्टिकची पिशवी किंवा तळ कापलेली पाण्याची बाटली उलटी घातली की आतली हवा दमट राहते आणि पानांतून पाणी कमी जातं. हे झाकण ठेवून कुंडी उन्हात नेली, तर आतली हवा तापून काडी अक्षरशः शिजते. तिला भरपूर उजेडाची सावली हवी.

“मध, दालचिनी किंवा नारळपाणी लावलं की मुळं फुटतात”

छाटाला स्वतःचं संजीवक असतं. ऑक्सिन नावाचं हे द्रव्य शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होऊन पेशीपेशीतून खाली उतरतं. फांदी कापली की त्याची वाट तिथेच संपते, ते खालच्या टोकाशी साचतं, आणि तो साठाच तिथल्या पेशींना मूळ व्हायला सांगतो. काडीला आपलं वर-खाली पक्कं ठाऊक असतं ते यामुळे. हर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 मध्येच दाखवलं होतं की दमट हवेत विलोची फांदी उलटी टांगली, तरी मुळं तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच येतात. पानं नसलेली काडी अनवधानाने उलटी लावली जाऊ शकते. म्हणून कापताना खालचा काप डोळ्याखाली तिरका आणि वरचा काप आडवा घ्यावा. तिरक्या कापाने मुळं जास्त येतात अशी समजूत आहे, पण त्याचा मोठा फायदा ओळखीचाच आहे. पातं धारदार आणि स्वच्छ असणं कापाच्या कोनापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

बाजारातल्या रूटिंग पावडरीत बहुधा आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटीरिक ॲसिड असतं. ते मुळं फोडतं हे 1935 मध्ये अमेरिकेतल्या बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटच्या झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं. पावडरीत त्याचं प्रमाण साधारण 0.1 ते 0.8 टक्के इतकं थोडं असतं, आणि तेच पुरेसं आहे. जास्त लावलं म्हणजे जास्त मुळं, असं होत नाही. जास्त मात्रेने टोक भाजल्यासारखं होऊन कुजतं. थोडी पावडर वेगळ्या वाटीत काढावी, टोक बुडवून काडी झटकावी, आणि आधी काठीने मातीत भोक पाडून मग लावावी, नाहीतर लावलेली पावडर वरच पुसली जाते.

दालचिनी आणि हळद बुरशीला आवर घालतात. त्यांचा उपयोग तेवढाच. मधात दाट साखर आणि जंतूंना रोखण्याचा गुण आहे, पण ऑक्सिनची जागा तो घेत नाही. नारळपाण्याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याची कीर्ती प्रयोगशाळेतून आली. जास्वंदीवर काम करणाऱ्या त्याच व्हॅन ओव्हरबीक यांनी 1941 मध्ये धोतऱ्याचे इवलेसे भ्रूण नारळपाणी घालून वाढवले होते. त्यात वाढीला चालना देणारी द्रव्यं आहेतच. पण त्यांतली सायटोकायनिन गटातली द्रव्यं कोंब फुटायला मदत करतात आणि मुळं फुटण्याला उलट आवर घालतात. वर साखर असल्याने मातीत बुरशी माजते. नारळपाणी प्यावं, काडीला घालू नये.

“माती सकस हवी, शेणखत भरपूर हवं”

मुळंच नाहीत तर खत खाणार कोण? ताजं शेणखत कापलेल्या टोकाशी कुज आणतं. काडीला हवी ओल आणि हवा. निम्मी धुतलेली जाडी वाळू आणि निम्मं कोकोपीट पुरतं. कोकोपीटात क्षार असू शकतात, म्हणून ते आधी एक-दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावं. मुठीत दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब पडावेत, इतकीच ओल बरी.

“पावसाळ्यात लावलं की काहीही लागतं”

पावसाळ्याचं श्रेय खरं आहे, पण ते दमट हवेचं. जूनमध्ये आलेली फूट जुलै-ऑगस्टपर्यंत अर्धपक्व होते, म्हणजे वाकवली तर सहज वाकत नाही आणि कडक लाकूडही झालेली नसते. जास्वंद, तगर, मोगरा, अनंत यांच्या छाटांना हीच अवस्था मानवते.

पांढऱ्या चाफ्याची फांदी मात्र भर पावसात लावली तर हमखास कुजते. तिचं मांसल खोड पाण्याने भरलेलं असतं आणि कापावरून चीक वाहतो. चाफ्याची फांदी उन्हाळ्यात, झाड निष्पर्ण असताना किंवा पालवी नुकती येऊ लागली असताना कापावी आणि सावलीत आठ-पंधरा दिवस तशीच पडू द्यावी. जखम सुकून तिच्यावर खपली आली की मग वाळूमिश्रित मातीत लावावी आणि पाणी हात राखून द्यावं. कापल्या कापल्या मातीत हा नियम सगळ्यांसाठी नाही. कोरफडीची पिल्लं आणि निवडुंगाच्या फांद्याही आधी सुकू द्याव्या लागतात.

“मनीप्लांटचं पान बाटलीत ठेवलं की वेल होतो”

पानाला देठाशी मुळं येतात, आणि ते महिनोन्‌महिने हिरवंही राहतं. वेल मात्र कधीच होत नाही, कारण कोंब डोळ्यातून येतो आणि नुसत्या पानाला डोळा नसतो. मनीप्लांटचा किमान एक डोळा खोडासकट घ्यावा लागतो. त्याच्या पेराशी हवेतल्या मुळांचे गोळे आधीच असतात, म्हणून तो इतका चटकन लागतो. चोरून आणला तर जास्त फोफावतो, अशी समजूत घरोघरी आहे. ज्याच्याकडे वेल आहे त्याला मागून पाहा, आनंदाने देतील आणि तो तितक्याच जोमाने वाढेल. पानापासून रोप देणारी झाडं वेगळी: पानफुटी, काही बिगोनिया, स्नेक प्लांट.

पाण्यात फुटलेल्या मुळांबद्दल एक सावधगिरी. ती पाण्यातल्या जगण्यासाठी घडलेली असतात, ठिसूळ असतात, आणि थेट कोरड्या कुंडीत गेली की मान टाकतात. तुळस, पुदिना, कोलियस पाण्यात ठेवावेत, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलावं म्हणजे मुळांना प्राणवायू मिळतो, आणि मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत हलवावं. पहिला आठवडाभर माती चांगली ओली ठेवावी आणि कुंडी सावलीत ठेवावी.

“छाटकलम म्हणजे हुबेहूब आईचं झाड”

बहुतेक वेळा हो. पण पिवळ्या काठाच्या स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे लावून पाहा, येणारी रोपं साधी हिरवी असतात. त्या पानात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी थरांनी एकत्र नांदत असतात आणि नवं रोप आतल्या हिरव्या थरातून उगवतं. पिवळा काठ हवा असेल तर गड्डा विभागून लावावा.

नर्सरीतल्या गुलाबाचंही असंच. ते बहुधा डोळा भरून केलेलं कलम असतं: वर हवा तो गुलाब, खाली रानटी खुंट. वरच्या भागाची काडी लागली तरी तिला खुंटाचा जोर मिळत नाही, आणि काही संकरित जाती स्वतःच्या मुळांवर रोडच राहतात. गावठी गुलाब मात्र काडीवर सुखाने वाढतो. पहिला प्रयत्न त्याच्यावर करावा. जोडाच्या खालून निघालेला जोमदार फुटवा छाटून लावला तर खुंटाचंच झाड मिळतं.

आणि आईचं झाड जसं येतं, तसं तिचं दुखणंही येतं. डाळिंबावरचा तेल्या बागेबागेत पसरला त्यात रोगट झाडांवरून केलेल्या कलमांचा मोठा वाटा आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण असेल तर त्या फांदीला हात लावू नये, फूल कितीही सुंदर असलं तरी.

कढीपत्त्याची काडी मी आता लावत नाही. ती क्वचितच धरते आणि वाट पाहण्यात पावसाळा निघून जातो. आंब्याचंही तेच, म्हणून तर कोकणातल्या रोपवाटिका कोय कलमं करतात. कढीपत्त्याच्या बुंध्याभोवती मुळांवरून आपोआप पिल्लं येतात. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, त्यांतलं वीतभर पिल्लू मुळाच्या तुकड्यासकट खणून काढावं, दोन पानं ठेवून बाकीची खुडावीत आणि सावलीत कुंडीत लावावं. त्याला मुळं आधीच असतात.