मालवणचे आमदार नारायण राणे

नारायण तातू राणे 1990 ते 2014 या काळात सिंधुदुर्ग जिल्ह्यातून सहा वेळा विधानसभेवर निवडून आले. त्यांतले पाच विजय मालवण मतदारसंघातले आणि शेवटचा कुडाळचा. पहिले चार विजय शिवसेनेच्या धनुष्यबाणावर आणि नंतरचे दोन काँग्रेसच्या हातावर मिळाले. चिन्ह बदलले तरी मतदार टिकला आणि पुढे चिन्ह तेच असताना मतदार सुटला, अशी ही कारकीर्द आहे. तिचा उलगडा पक्षांच्या इतिहासापेक्षा या किनारपट्टीच्या राजकारणातून अधिक होतो.

राण्यांचे मूळ गाव कणकवली तालुक्यातले वरवडे, पण त्यांची राजकीय घडण मुंबईत, चेंबूरमध्ये झाली. प्राप्तिकर खात्यात नोकरी, शिवसेनेचे शाखाप्रमुखपद, 1985 मध्ये मुंबई महापालिकेत नगरसेवक आणि पुढे बेस्ट समितीचे अध्यक्षपद अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. शाखेतल्या माणसाने आमदार होण्यासाठी शेकडो किलोमीटरवरचा मतदारसंघ का निवडावा, याचे उत्तर कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असते. एक पाय गिरणीत किंवा कचेरीत, दुसरा गावच्या खळ्यात, अशीच इथली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. गणपतीला, शिमग्याला आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला येणारा चाकरमानी गावातल्या भावकीचे मत फिरवू शके, कारण घरात मनिऑर्डर त्याचीच येत असे. लालबाग-परळच्या शाखांत शिवसैनिक झालेला हा वर्ग 1980 च्या दशकाच्या अखेरीस पक्षाला गावापर्यंत घेऊन आला.

तोवर दक्षिण कोकण समाजवाद्यांचा गड मानला जाई. राजापूर लोकसभा मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून तीनदा आणि मधु दंडवते 1971 पासून सलग पाच वेळा निवडून आले. व्याख्यान, चारित्र्य आणि संसदेतली कामगिरी ही त्या राजकारणाची नाणी होती. 1991 मध्ये दंडवते काँग्रेसचे सुधीर सावंत यांच्याकडून पराभूत झाले आणि 1996 मध्ये ती जागा शिवसेनेच्या सुरेश प्रभूंकडे गेली. राणे मालवणमधून पहिल्यांदा जिंकले ते याच पडझडीच्या उंबरठ्यावर, 1990 मध्ये. शिवसेनेला त्या निवडणुकीत राज्यभर 52 जागा मिळाल्या होत्या.

समाजवाद्यांकडे नसलेली एक गोष्ट राण्यांनी उभी केली. ती म्हणजे वाडीपर्यंत पोचणारी यंत्रणा. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, जिल्हा बँक या सगळ्या ठिकाणी स्वतःची माणसे, आणि कोणाचे काम कुठे अडले आहे याची रोजची खबर. सिंधुदुर्गात निवडणुकीआधी घरासमोरच्या अंगणात होणाऱ्या बैठकांना ‘खळा बैठक’ म्हणतात. मैदानावरच्या सभेत पक्ष बोलतो, तर खळा बैठकीत पाणंद, पाखाडी आणि नळपाणी योजनेचा हिशेब होतो. राण्यांची ताकद या दुसऱ्या प्रकारात होती. त्यांच्या विरोधकांनी यालाच दहशतीचे राजकारण म्हटले, समर्थकांनी धडाडी म्हटले. जिल्ह्यातल्या निवडणुका पुढची पंचवीस वर्षे या दोन शब्दांभोवतीच लढल्या गेल्या.

1995 मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले. राणे मंत्री झाले आणि पुढे महसूल खाते त्यांच्याकडे आले. पुण्यातल्या एका भूखंडाच्या प्रकरणावरून मनोहर जोशी यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागल्यावर बाळासाहेब ठाकरे यांनी राण्यांची निवड केली. 1 फेब्रुवारी 1999 रोजी ते मुख्यमंत्री झाले. कोकणाने त्याआधी अंतुले आणि जोशी हे दोन मुख्यमंत्री दिले होते, मात्र दोघेही रायगडचे. दक्षिण कोकणातले बाळासाहेब सावंत 1963 मध्ये काही दिवस हंगामी मुख्यमंत्री होते, तेवढाच अपवाद. राण्यांनाही फार काळ मिळाला नाही. विधानसभेची मुदत संपण्याआधीच लोकसभेबरोबर निवडणूक घेण्यात आली. शिवसेनेला 69 आणि भाजपला 56 जागा मिळाल्या, आणि वेगवेगळे लढलेले काँग्रेस व राष्ट्रवादी निकालानंतर एकत्र आले. ऑक्टोबर 1999 मध्ये विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. साडेआठ महिन्यांच्या कारभारावरून कोणत्याही मुख्यमंत्र्याला जोखणे कठीण, तरी ‘माजी मुख्यमंत्री’ हे बिरुद पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत त्यांच्या कामी आले.

त्यानंतरची सुमारे सहा वर्षे ते विरोधी पक्षनेते होते, आणि विधिमंडळातला त्यांचा सर्वांत भरीव काळ बहुधा हाच. महसूल आणि अर्थसंकल्पाच्या आकड्यांवर त्यांची पकड होती. सभागृहात ते तयारीनिशी उभे राहत. जून 2002 मध्ये देशमुख सरकार पाडण्याचा त्यांनी जोरदार प्रयत्न केला. काँग्रेसला आपले आमदार बंगळुरूला नेऊन ठेवावे लागले. विश्वासदर्शक ठराव सरकारने जिंकला आणि राण्यांचा डाव फसला.

दरम्यान 2003 मध्ये उद्धव ठाकरे शिवसेनेचे कार्याध्यक्ष झाले. 2004 ची विधानसभा युती हरली आणि उमेदवारी कोणी वाटली यावरून सुरू झालेली धुसफूस वर्षभरात फुटीपर्यंत गेली. जुलै 2005 मध्ये शिवसेनेने राण्यांची हकालपट्टी केली. ते काँग्रेसमध्ये गेले, महसूलमंत्री झाले आणि आमदारकीचा राजीनामा देऊन मालवणमधून पुन्हा उभे राहिले. विजय वडेट्टीवार, कालिदास कोळंबकर यांच्यासारखे काही आमदारही त्यांच्यामागे गेले.

नोव्हेंबर 2005 ची ती पोटनिवडणूक महाराष्ट्रात गाजली, आणि ते योग्यच होते. शिवसेनेने मुंबईची सारी फौज मालवणात उतरवली. मुंबईत माणूस कामाला असलेल्या प्रत्येक घराला आता बाळासाहेब आणि राणे यांपैकी एकाची निवड करायची होती. राणे मोठ्या मताधिक्याने निवडून आले आणि शिवसेनेचे परशुराम उपरकर यांची अनामत रक्कम जप्त झाली. ज्या पक्षाचा आमदार वर्षभरापूर्वी तिथून निवडून आला, त्याच पक्षाची ही स्थिती व्हावी, यावरून मालवणात शिवसेना म्हणून जे काही उभे होते त्यातले किती राण्यांचे होते हे दिसून आले.

काँग्रेसमधली बारा वर्षे मात्र अस्वस्थतेत गेली. पक्षात येताना मुख्यमंत्रिपदाचा शब्द मिळाला होता, असे ते जाहीरपणे सांगत आले. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर देशमुख गेले आणि अशोक चव्हाण आले, तेव्हा राण्यांनी थेट श्रेष्ठींवर तोफ डागली. निलंबन झाले आणि काही महिन्यांतच मागे घेतले गेले. पुढे उद्योगमंत्री म्हणून त्यांनी जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची बाजू लावून धरली. मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या मंत्र्यांच्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. 2014 मध्ये जाहीर झालेले 16 टक्के आरक्षण या समितीच्या अहवालावर आधारलेले होते. उच्च न्यायालयाने त्याला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्थगिती दिली.

मतदारसंघात तोवर जमीन सरकली होती, तीही अक्षरशः. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जिल्ह्यातल्या चार जागांच्या तीन झाल्या. मालवण हे नाव विधानसभेच्या यादीतून गेले. मालवण आणि कुडाळ हे तालुके मिळून कुडाळ मतदारसंघ झाला, तर राण्यांचे कणकवली देवगड आणि वैभववाडीसह वेगळे पडले. 2009 मध्ये राण्यांनी कुडाळमधून शिवसेनेच्या वैभव नाईक यांना हरवले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र निलेश राणे खासदार झाले, आणि एका घराकडे किती पदे असावीत हा प्रश्न खळ्याखळ्यांतून विचारला जाऊ लागला. त्यात स्थानिक प्रश्नांची भर पडली. तोंडवळी-वायंगणीच्या सी वर्ल्ड प्रकल्पासाठी जमीन द्यायला गावकरी तयार नव्हते. किनाऱ्यावर पर्ससीन जाळीवाले आणि रापणकर व इतर पारंपरिक मच्छीमार यांच्यात संघर्ष पेटला होता आणि सरकार आपल्या बाजूला नाही, अशी पारंपरिक मच्छीमारांची भावना होती. मालवणात मासळीच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून निवडणूक लढवणे कोणालाच परवडत नाही.

मे 2014 मध्ये निलेश राणे विनायक राऊत यांच्याकडून हरले. ऑक्टोबरमध्ये वैभव नाईक यांनी नारायण राणे यांचा 10,376 मतांनी पराभव केला. त्याच दिवशी शेजारच्या कणकवलीतून धाकटे पुत्र नितेश राणे काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. म्हणजे यंत्रणा मोडली नव्हती; ती जिथे सर्वांत दाट होती तिथे टिकली आणि किनाऱ्यावर विरळ झाली. एप्रिल 2015 मध्ये राण्यांनी वांद्रे पूर्वची पोटनिवडणूक लढवली. ठाकरे यांच्या ‘मातोश्री’ निवासस्थानाच्या अंगणातली ही लढत धाडसी होती, पण ती लढवण्याचा निर्णय चुकलाच. शिवसेनेच्या तृप्ती सावंत सहज जिंकल्या.

2016 मध्ये काँग्रेसने त्यांना विधान परिषदेवर घेतले. सप्टेंबर 2017 मध्ये पक्ष आणि आमदारकी दोन्ही सोडून त्यांनी महाराष्ट्र स्वाभिमान पक्ष काढला, आणि राज्य विधिमंडळातला त्यांचा प्रवास तिथे थांबला. 2018 मध्ये भाजपच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले, 2019 च्या ऑक्टोबरमध्ये नवा पक्ष भाजपमध्ये विलीन झाला आणि जुलै 2021 पासून जून 2024 पर्यंत ते केंद्रात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगमंत्री होते. 2024 मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्ग लोकसभा मतदारसंघात त्यांनी विनायक राऊत यांना 47,858 मतांनी हरवले.

कुडाळची जागा दहा वर्षे वैभव नाईक यांच्याकडे राहिली. 2019 मध्ये युतीत ती शिवसेनेच्या वाट्याला होती, तेव्हा राण्यांच्या पाठिंब्यावर उभे राहिलेले अपक्ष रणजित देसाई हरले. शिवसेना फुटल्यावर नाईक उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. नोव्हेंबर 2024 मध्ये निलेश राणे यांनी एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेकडून, धनुष्यबाणावर, त्यांचा आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पराभव केला. कणकवलीतून तिसऱ्यांदा जिंकलेले नितेश राणे डिसेंबरमध्ये मंत्री झाले. त्यांच्याकडे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही खाती आली, आणि पर्ससीनचा वाद त्यांच्याच टेबलावर येऊन पडला.