पुस्तकांतलें पोट आणि पोरांचें पोट

शाळेंतील कोणत्याहि मुलास अन्नाचा शरीरांतील मार्ग विचारून पाहावा. मुख, अन्ननलिका, जठर, लहान आंतडें, मोठें आंतडें, हीं नांवें तो पाढ्याप्रमाणें घडघड म्हणून दाखवील. यकृत कोणत्या बाजूस, हेंहि अचूक सांगेल. मग त्यालाच विचारावें, 'बाळ, आज सकाळीं काय खाऊन आलास?' पुष्कळ घरीं याचें उत्तर चहा आणि दोन बिस्किटें, एवढेंच असतें. पहिल्या उत्तरास गुण मिळतात; दुसऱ्याची चौकशी कोणी करीत नाहीं. आमच्या शिक्षणाचें हें वैगुण्य लहानसहान नव्हे, आणि त्याची किंमत मुलांपेक्षां मुली अधिक देत आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वस्तुतः इतका प्रत्यक्ष दाखवितां येण्याजोगा विषय क्वचितच सांपडेल. भाकरीचा घांस न गिळतां तोंडांत बराच वेळ चावीत राहिलें म्हणजे तो गोड लागूं लागतो. लाळेनें पिठाची साखर करण्यास तेथेंच आरंभ केलेला असतो. एवढा एक प्रयोग वर्गांत केला तर फळ्यावरील दहा आकृत्यांचें काम होईल. त्यास साहित्य म्हणून भाकरीचा तुकडा पुरे. मग प्रयोगशाळा नाहीं ही सबब कशास?

जठरांत काय चालतें हें नीट कळण्यास मात्र जगास एका अपघाताची वाट पाहावी लागली. १८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास बंदुकीचा बार लागला. तो वांचला, पण त्याच्या जठरास पडलेलें भोंक बुजलें नाहीं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानें रेशमी दोऱ्यास मांसाचे तुकडे बांधून ते त्या भोंकांतून आंत सोडले व ठराविक वेळानें ओढून पाहिले. जठराचा रस बाहेर काढून बाटलींत ऊबदार ठेविला, तरी त्यांतहि मांस विरघळलें. जठर हें नुसतें दळणारें जातें नसून तेथें रासायनिक क्रिया चालते, हें १८३३ सालच्या त्याच्या ग्रंथानें दाखवून दिलें. एका गरीब मजुराचें पोट असें वर्षानुवर्षें प्रयोगास वापरलें गेलें याचें वाईट वाटतें, ही गोष्ट वेगळी.

खरा व्यवहार पुढें, लहान आंतड्यांत. सुमारें २० फूट लांबीच्या या नळींत पित्त व स्वादुपिंडाचा रस मिसळून अन्नाची अखेरची फोड होते, आणि आंतील मखमलीसारख्या बारीक अंकुरांतून तें रक्तांत शिरतें. आमच्या व्यापारी वाचकांस हें चटकन् समजेल : माल दारांत आला म्हणजे तो जमेस धरला गेला असें नव्हे. लोहाचेंच पाहा. पालेभाजी, बाजरी, कडधान्यें यांत लोह आहे. पण जेवणाबरोबरच चहा घेतला तर चहांतील द्रव्यें त्या लोहास धरून ठेवितात, आणि त्यांतील बराच भाग रक्तांत न जातां तसाच बाहेर पडतो. उलट त्याच ताटांत लिंबाची फोड किंवा आवळा असला तर लोह अधिक शोषलें जातें. चहा तासभर मागें ढकलण्यास आणि लिंबू पिळण्यास कोणत्या सरकारची मंजुरी लागते?

२०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींपैकीं सुमारें ५९ मुलींस रक्तक्षय असल्याचें आढळलें. त्याच वयाच्या मुलांत हें प्रमाण ३१ होतें. ऋतुप्राप्तीनंतर मुलीस लोह अधिक लागतें हें तर खरेंच. परंतु जिला अधिक लागतें तिचेंच ताट शेवटीं वाढावयाचें, भाजी संपली तर तिनें चटणीवर भागवावयाचें, आणि दूध आहे तें मुलास, हा कोणत्या शास्त्राचा नियम? मुलगी अभ्यासांत मागें पडली कीं तिला आळशी म्हणण्यास सर्वांत आधीं हेंच घर पुढें येतें!

शाळेंत पोटाची सोय करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मद्रास शहरांत ती विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत निघाली. कामराज यांनीं १९५६ सालीं ती प्रांतभर नेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं ती देशाची योजना झाली, आणि शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं दिला. प्राथमिक शाळेंतील मुलासाठीं ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें हें या भोजनाचें ठरलेलें प्रमाण. धान्यास डाळीची जोड असली म्हणजे एकाच्या प्रथिनांतील उणीव दुसरें भरून काढतें, हें आमच्या वरणभातानें आणि भाकरी-पिठल्यानें पूर्वींच साधलें आहे. निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस बसतात, हा लाभ तर कोणत्याहि उष्मांकांत मोजतां येणार नाहीं.

महाराष्ट्रांत २०२३ च्या नोव्हेंबरांत या भोजनांत आठवड्यास एक अंडें, व न खाणाऱ्यांस केळें, देण्याचें ठरलें. सरकारी पैशानें तें देण्याचें २०२५ च्या जानेवारींत थांबलें आणि शाळांनीं लोकसहभागांतून पाहावें असें सांगण्यांत आलें. एका अंड्यांत सुमारें ६ ग्रॅम प्रथिनें असतात, म्हणजे मुलाच्या त्या भोजनांतील निम्मीं. ज्यास खावयाचें नाहीं त्यावर सक्ति नकोच. पण ज्याच्या घरीं तें खातात आणि परवडत नाहीं, त्याच्या ताटांतून तें कां जावें? लोकांवर भार टाकलाच आहे तर गांवोगांवच्या बाजारपेठांनीं तो उचलावा. देवळाच्या अन्नदानास सढळ हातानें देणारे आमचे व्यापारी बंधु शेजारच्या शाळेच्या आठवड्याच्या अंड्याकेळ्यांस मागें कां राहावेत, हें आम्हांस कळत नाहीं.

शिक्षकांनीं पचनाचा धडा संपल्यावर मुलांकडून एका आठवड्याच्या जेवणाची नोंद वहींत करवावी, भाऊ काय जेवला व बहीण काय जेवली हें शेजारीं शेजारीं लिहवावें, आणि ती वही पालकसभेंत आईबापांपुढें ठेवावी. शाळेसमोरील दुकानदारांनीं बिस्किटांच्या बरण्या मागें सारून फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे पुढें मांडावेत. मधल्या सुटींत मुलें हाताशीं असेल तेंच घेतात.