चित्रपटांचे पुनःप्रदर्शन

एकदा प्रदर्शित होऊन चित्रपटगृहांतून उतरलेला चित्रपट काही काळाने पुन्हा तिकीट लावून चित्रपटगृहांत दाखवणे, यास चित्रपटाचे पुनःप्रदर्शन म्हणतात. सलग चालू राहिलेला खेळ यात मोडत नाही. त्यामुळे मुंबईच्या मराठा मंदिरात ऑक्टोबर १९९५ पासून वर्षानुवर्षे चाललेला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हे पुनःप्रदर्शनाचे उदाहरण ठरत नाही.

इतिहास

दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ घरोघरी पोहोचण्यापूर्वी जुना चित्रपट पुन्हा पाहायचा तर चित्रपटगृहातच जावे लागे. हॉलिवूडचा 'गॉन विथ द विंड' (१९३९) हा १९४७, १९५४, १९६१ आणि १९६७ साली पुन्हा लागला. डिस्नेने 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स' (१९३७) १९४४ मध्ये पुन्हा आणला आणि पुढे काही वर्षांच्या अंतराने मुलांच्या प्रत्येक नव्या पिढीपुढे तो ठेवला.

भारतात वितरक एखाद्या विभागाचे हक्क ठराविक वर्षांसाठी विकत घेत. प्रिंट हाती असे आणि तिचा खर्च पहिल्याच फेरीत निघालेला असे. मुदत संपेपर्यंत तीच प्रिंट मॅटिनीला किंवा लहान गावांत फिरवली, की येणारा पैसा बहुतांशी नफाच असे. महाराष्ट्रात जत्रांमधील तंबू थिएटरांनीही जुन्या चित्रपटांना दीर्घकाळ प्रेक्षक मिळवून दिला. १९८० च्या दशकात व्हिडिओने आणि त्यानंतर उपग्रह वाहिन्यांनी हा व्यवहार जवळजवळ बंद पाडला.

पुढे जुना चित्रपट परत आणायचा तर त्यात काही नवे दाखवावे लागे. 'मुघल-ए-आझम' (१९६०) नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून, तर 'शोले' (१९७५) जानेवारी २०१४ मध्ये त्रिमितीत लावण्यात आला. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) २०१६ मध्ये डिजिटल स्वरूपात पुन्हा प्रदर्शित झाला.

अर्थकारण

डिजिटल प्रक्षेपणामुळे प्रिंट काढण्याचा आणि ती वाहून नेण्याचा खर्च संपला. बहुपडदा चित्रपटगृहाचे भाडे, वीज, नोकरवर्ग हे खर्च मात्र आसने रिकामी असली तरी चालूच राहतात. एखाद्या शुक्रवारी नवा मोठा चित्रपट नसेल, तर कमी दराच्या तिकिटावर जुना चित्रपट लावणे चित्रपटगृहाला परवडते. २०२४ मध्ये असे शुक्रवार बरेच आले. त्या वर्षी एप्रिलमध्ये तमिळ 'गिल्ली' (२००४) आणि ऑगस्टमध्ये हिंदी 'लैला मजनू' (२०१८) पुन्हा लागले.

या लाटेतील सर्वांत बोलके उदाहरण 'तुंबाड'चे आहे. कोकणाच्या पार्श्वभूमीवरील राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि समीक्षकांनी गौरवूनही फार काळ टिकला नाही. पुढे तो घरच्या पडद्यावर पाहणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. 'लैला मजनू' आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये परतलेला 'सनम तेरी कसम' (२०१६) यांच्याबाबतही असेच घडले. हे तिन्ही चित्रपट पहिल्या वेळी चालले नव्हते. म्हणून या यशाला निव्वळ स्मरणरंजन म्हणणे पुरेसे नाही. यांतील बऱ्याच प्रेक्षकांनी तो चित्रपट मोठ्या पडद्यावर प्रथमच पाहिला.

हक्क

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे त्याचा निर्माता, दिग्दर्शक नव्हे. प्रताधिकाराची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनाचा हक्क दिला, परंतु चित्रपटासोबत चित्रपटगृहात होणारा वापर त्यातून वगळला. गाण्यांमुळेच गर्दी खेचणारा जुना चित्रपट पुन्हा लागला, तरी त्या गाण्यांच्या कर्त्यांना या तरतुदीखाली काही मिळत नाही.

दिग्दर्शकाच्या संमतीचा प्रश्न ऑगस्ट २०२५ मध्ये ऐरणीवर आला. 'रांझणा' (२०१३) या चित्रपटाची 'अंबिकापती' ही तमिळ आवृत्ती पुन्हा लावताना हक्कधारक कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शेवट बदलला. मूळ कथेत मरण पावणारा नायक या आवृत्तीत जिवंत राहतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी या बदलाचा जाहीर निषेध केला, तरीही ती आवृत्ती प्रदर्शित झाली.

जतन

पुन्हा दाखवण्यासाठी चित्रपट मुळात शिल्लक असावा लागतो. 'शोले'ची मूळ निगेटिव्ह खराब झालेली होती. इतरत्र सापडलेल्या प्रतींच्या आधारे फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची पुनर्स्थापना केली. ठाकूरच्या हातून गब्बर मारला जातो तो मूळ शेवटही, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेला, त्यात परत जोडला गेला. याच संस्थेने पुनर्स्थापित केलेला श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) जून २०२४ मध्ये भारतभरातील चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. गुजरातमधील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन या चित्रपटाचे भांडवल उभे केले होते.

सर्वच चित्रपटांच्या वाट्याला हे आले नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही.