गाठ काढली, मग किरणोपचार कशाला?

फुप्फुसातून किंवा स्तनातून मेंदूत गेलेली कर्करोगाची गाठ निघाली, एमआरआय स्वच्छ आला, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. लगेच डॉक्टर किरणोपचाराचं नाव काढतात आणि पुन्हा धस्स होतं. पण त्यामागे कारण आहे. आतड्यातली गाठ काढताना सर्जन भोवतालचा निरोगी भागही ऐसपैस कापतो. मेंदूत तसं केलं तर बोलणं, हात-पाय पणाला लागतात. त्यामुळे पोकळीच्या कडेला न दिसणाऱ्या पेशी उरू शकतात.

अमेरिकेत रॉय पॅचेल यांनी १९९८मध्ये एकच गाठ असलेल्या ९५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या शस्त्रक्रियेनंतर ४६ टक्के रुग्णांत गाठ त्याच जागी परतली. संपूर्ण मेंदूला किरणं दिल्यावर १० टक्क्यांत. आयुष्य मात्र वाढलं नाही, आणि अशा किरणांनी स्मरणशक्ती मंदावते, ही किंमत मला फार मोठी वाटते. म्हणून आता शक्य तिथे फक्त पोकळीवर नेमकी किरणं देतात. ह्यूस्टनच्या २०१७च्या चाचणीत त्यामुळे वर्षभरानंतर ७२ टक्के रुग्णांत ती जागा स्वच्छ राहिली. किरणांविना ४३ टक्क्यांत. मेंदूत दुसरीकडे नवी गाठ उगवू शकतेच. ती लहान असतानाच सापडावी, यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय करतात.